टोमॅटोची कोलमडणारी रोपं कशी वाचवली

बाल्कनीतल्या ट्रेमध्ये टोमॅटो-मिरचीचं बी छान उगवलं, पण कोवळी रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडू लागली. हा रोपं कोलमडण्याचा रोग. पिथियमसारख्या बुरशीवर्गीय जंतूंमुळे होतो आणि ओल साचली की झपाट्याने पसरतो.

औषधाआधी मी खत तपासलं. नर्सरीतून आणलेली पिशवी उघडताच अमोनियाचा उग्र वास आला, हात घातला तर आत कोमट. म्हणजे ते अजून कुजतच होतं. पूर्ण मुरलेलं खत गार, काळपट, भुसभुशीत असतं आणि त्याला ओल्या मातीचा वास येतो. शंका असेल तर त्यात चिमूटभर मेथी पेरून बघा. आठवड्यात धड उगवली नाही, तर ते खत रोपांना घालू नका. माझं कच्चं खत मी झाकून मुरत ठेवलं, टाकून दिलं नाही.

नव्या ट्रेत तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेलं गांडूळखत, थोडं ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी). कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून ते दोन-तीनदा धुऊन पिळून घ्यायलाच हवं. पाणी वरून ओतलं नाही. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवायचा, वरचा थर ओलसर दिसला की उचलायचा. दाटीतली रोपं कात्रीने कापली, कारण उपटताना शेजारची मुळं दुखावतात.

मर थांबली. टोमॅटो साधारण २५ ते ३० दिवसांत कुंडीत जातो, मिरचीला ३५ ते ४५ लागतात. त्याआधी आठवडाभर रोपांना रोज थोडं जास्त ऊन दाखवा, नाहीतर पानं करपतात.