'गेट बॅक ॲट' नीट कसं वापरायचं

सोलापुरात टॉवेलच्या एक्स्पोर्टचं काम बघणाऱ्या पोरापोरींना रोज इंग्रजीत मेल लिहावे लागतात, आणि घाईत 'आय विल गेट बॅक टू यू' च्या जागी 'गेट बॅक ॲट यू' गेलं की संपलं. टू असलं तर 'तुम्हाला कळवतो', ॲट असलं तर 'बघून घेतो तुला'. एवढ्याशा शब्दाने गिऱ्हाईक दुखावू शकतं, म्हणून हे शिकाच.

आधी अर्थ पक्का करा. गेट बॅक ॲट म्हणजे वचपा काढणं, उट्टं काढणं. समोरच्याने आधी काहीतरी केलेलं पाहिजे, निदान आपल्याला तसं वाटलेलं पाहिजे, उगाच कुणाला त्रास दिला तर हे चालत नाही.

मग वाक्य बांधा. ॲटच्या पुढे माणूस (किंवा कंपनी, शाळा), कशाबद्दल ते फॉर लावून, कसा वचपा काढला ते बाय लावून, आणि या दोन्हींच्या पुढे क्रियापद आलं तर त्याला आयएनजी. समजा भाऊ तुम्हाला सोडून गड्ड्याच्या जत्रेला गेला आणि तुम्ही घरातल्या त्याच्या वाटच्या शेंगापोळ्या फस्त केल्या: 'आय गॉट बॅक ॲट माय ब्रदर फॉर गोइंग टू द फेअर विदाउट मी, बाय ईटिंग ऑल हिज शेंगापोळीज.' हे एक वाक्य मोठ्याने म्हणा, माणसं बदलून म्हणा, सगळी रचना तोंडात बसते. जोर बॅकवर द्यायचा.

मधे माणूस घुसवून 'गेट हिम बॅक ॲट' करू नका, चूक आहे. ॲट काढून टाकलं तर मात्र 'आय विल गेट हिम बॅक फॉर दॅट' एकदम बरोबर, अर्थ तोच.

भूतकाळ गॉट. हॅवच्या पुढे ब्रिटिश गॉट म्हणतात, अमेरिकन गॉटन.

आता हिट बॅक, कारण इथे लई लोक गोंधळतात. कुणी टीका केली आणि नेत्याने किंवा खेळाडूने चारचौघात उलट सुनावलं की पेपरवाले 'हिट बॅक ॲट क्रिटिक्स' लिहितात, ते उघड प्रत्युत्तर झालं. गेट बॅक ॲट मधे मनात धरून ठेवलेला राग असतो, वचपा आठवड्यानेही निघू शकतो. गेट ईव्हन विथ याच्याच जवळचं, फिटंफाट करणं.

हे सगळं बोलण्यातलं इंग्रजी आहे. तक्रार अर्जात किंवा ऑफिसच्या पत्रात 'रिटॅलिएट अगेन्स्ट' लिहा.