मारुती ८००चं इंजिन घरी बदलताना काम कुठे अडतं

कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८००मध्ये एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं) इंजिन टाकायचं म्हटलं की चेनपुलीने इंजिन उचलण्याचीच धास्ती वाटते. पण तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं हे इंजिन उतरवणं-चढवणं दोघांना एका दिवसात जमतं. आठवडे खातात ते वायरिंग, पेट्रोलची लाइन आणि कागदपत्रं.

कागदपत्रं आधी. इंजिन नंबर आरसीवर असतो, त्यामुळे त्याच प्रकारचं इंजिन टाकलं तरी आरटीओत नोंद बदलावी लागते. वेगळ्या प्रकारचं टाकायचं असेल तर एकही नट सैल करण्याआधी लेखी परवानगी घ्या. ती मिळत नसेल तर जुन्याच प्रकारचं इंजिन शोधा, वायरिंगचा खटाटोपही वाचेल. भंगार बाजारात इंजिन नंबर लिहिलेलं बिल आणि मूळ गाडीच्या आरसीची झेरॉक्स मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

इंजिन शक्यतो गाडीत असतानाच, सुरू करून बघा. गरम झाल्यावर तिन्ही प्लग काढा, पेट्रोल पंप आणि इग्निशन बंद ठेवा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, स्टार्टर फिरवत प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजा. सिलिंडरांमध्ये दर चौरस सेंटिमीटरला १ किलोपेक्षा जास्त फरक दिसला तर ते इंजिन सोडून द्या. ईसीएम (इंजिनचा कंट्रोल बॉक्स), सगळे सेन्सर, पंपासह टाकी आणि इमोबिलायझर (चोरीविरोधी लॉक) असेल तर चावीसुद्धा त्याच गाडीची घ्या. हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, अख्खा हवा. कापलेल्या हार्नेसमध्ये एकाच रंगाच्या तारा हाती येतात आणि कोणती कुठली हे शोधण्यात रात्री जातात. प्रत्येक कनेक्टर सोडवण्याआधी फोटो काढा आणि चिकटपट्टीवर नाव लिहून लावा.

इंजिन खाली असतानाच टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचं मागचं ऑइल सील आणि क्लच सेट बदलून टाका. ऑइल सील शंभर-दोनशे रुपयांचं. ते गळायला लागलं तर त्याच्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

गिअरबॉक्स जोडताना सगळ्यात जास्त नुकसान होतं. क्लच प्लेट अलाइनमेंट टूलने मधोमध धरूनच प्रेशर प्लेट आवळा. गिअरबॉक्स इनपुट शाफ्टवर लोंबकळू देऊ नका, प्लेटचा हब वाकतो आणि मग क्लच सुटत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या कडा हाताने भिडल्या पाहिजेत. बोल्ट आवळून ओढून घेतलं तर हाऊसिंगला तडा जातो.

कार्ब्युरेटरचा पंप अगदी कमी दाबाचा असतो, इंजेक्टरना मात्र अंदाजे अडीच ते तीन बार दाब लागतो. जुना रबरी पाइप तो सहन करत नाही. तो फुटला की पेट्रोल थेट तापलेल्या एक्झॉस्टवर उडतं. इंजेक्शनसाठीचाच पाइप आणि क्लॅम्प वापरा, जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन विसरू नका. अग्निशामक हाताशी ठेवा. इथे काटकसर अजिबात नको.

बॅटरी जोडण्याआधी इंजिन ते बॉडी अर्थिंगची जाड पट्टी लावली का ते पाहा. ती राहिली तर स्टार्टरचा करंट क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल हाताला चटका बसेल इतकी तापते, आतलं आवरण वितळतं आणि ती अडकते. सेन्सरचे खोटे एरर कोडही बहुतेक वेळा खराब अर्थिंगमुळेच येतात. रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर पट्टी आवळा.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून ठेवा, पंप आणि इग्निशन बंद ठेवा. पाच-पाच सेकंद स्टार्टर फिरवत ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबा. मग प्लग लावून सुरू करा. हीटर उघडा ठेवून कूलंट भरा, बुडबुडे थांबेपर्यंत रेडिएटरचं झाकण लावू नका. हवा अडकली तर काटा नॉर्मल दाखवतो आणि हेड मात्र तापत असतं. पंखा एकदा लागून बंद झाला की इंजिन बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या आणि माउंटिंगचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा.