स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार घेताय? या चुका टाळा, निदान माझ्या तरी करू नका

माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार दर दोन गाण्यांनंतर बेसूर व्हायची. मी काय केलं, तर सरळ महागडे लॉकिंग ट्यूनर (तार घट्ट धरून ठेवणाऱ्या खुंट्या) मागवले, हेडस्टॉकची (गिटारच्या डोक्याची) भोकं लहान पडली म्हणून ड्रिलने मोठी केली, त्यात एक भोक तिरकं गेलं (ते आजही तिरकंच आहे), सगळं बसवून हौसेने दोन बेंड मारले (म्हणजे दाबलेली तार बाजूला ओढली) आणि जी ची तार परत उतरलेली. ट्यूनर बिचारे आधीचेही ठीकच होते. नटच्या, म्हणजे हेडस्टॉकजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत तार अडकत होती, बेंड केल्यावर पुढे सरकायची पण मागे यायची नाही. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं आणि निम्म्याहून जास्त त्रास गेला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

स्वस्त गिटारवर पैसे वाया जातात ते बहुतेक असेच. गिटार वाईट असते असं नाही, तिचं सेटअप (नीट जुळवणी) कोणी केलेलंच नसतं, आणि आपण आधी पिकअप (तारांची थरथर पकडणारे चुंबकवाले भाग) बदलायला धावतो.

घेतानाच्या चुका

पहिली म्हणजे रंग बघून घेणे. त्याबद्दल काय बोलणार, सगळेच करतात, मीही केलंय. पण रंग बघून झाला की अँप बंद ठेवून वाजवा, प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट (नेकवरची, म्हणजे मानेवरची, धातूची आडवी पट्टी) दाबून बघा, कुठे सूर मरतोय का, कुठे खरखरतंय का. मग गिटार डोळ्यासमोर धरून बॉडीच्या बाजूने नेकच्या कडेवरून बघा, जसं सुतार फळी बघतो तसं. थोडा बाक चालतो, तो ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या धातूच्या सळीने) निघतो. पण नेकला पीळ असेल, म्हणजे एक कडा वर आणि दुसरी खाली, तर ठेवून द्या आणि निघा. फ्रेटच्या टोकांवरून बोट फिरवा. टोचत असतील तर लाकूड सुकून आकसलंय आणि फ्रेटची टोकं बाहेर आलीत, ते कानसीने घासता येतं, घाबरायचं कारण नाही.

दुसरी चूक, स्वस्त गिटारमध्ये डबल लॉकिंग ट्रेमोलोचा (दांडीने हलणारा ब्रिज, ज्यात तारा दोन्ही टोकांना आवळलेल्या असतात) हट्ट. ती यंत्रणा चालते दोन धारदार कडांवर, आणि त्या कडांचा धातू मऊ असला की झिजतात आणि गिटार कधीच सुरात परत येत नाही. शिवाय नुसती तार बदलायची म्हटली तरी अर्धी संध्याकाळ. पहिलीच गिटार असेल तर फिक्स ब्रिजची (बॉडीवर तारा टेकतात तो भाग न हलणारी) घ्या, नाहीतर साध्या सहा स्क्रूच्या ट्रेमोलोची.

सेकंडहँड घेताना ट्रस रॉडचा नट (खाचांचा नट नव्हे, सळी आवळायचा) फिरतो का ते आधी बघा. त्याचा षटकोन गोल झालेला असेल किंवा तो आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल तर पुढे तुमच्या हातात काहीच उरत नाही.

सेटअप, म्हणजे खरा मामला

इथे क्रम चुकला की सगळं चुकतं, कारण एक गोष्ट हलवली की बाकीच्या हलतात. नव्या तारा लावा, पाहिजे त्या सुरात लावा, मग आधी नेकचा बाक, मग तारांची उंची (ॲक्शन), मग पिकअपची उंची, आणि इन्टोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर लागणं) सगळ्यात शेवटी. मी सुरुवातीला उलटं करायचो, आधी इन्टोनेशन आणि मग ॲक्शन, आणि तीन तीन तास नुसता गोल गोल फिरायचो.

बाक मोजायला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक जिथे बॉडीला जोडलाय तिथला फ्रेट दाबा आणि सातव्या आठव्या फ्रेटवर जाड तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघा. साधारण ०.२५ मिमी पाहिजे. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर १० च्या सेटमधल्या पहिल्या तारेचा तुकडा घ्या, ती तार ०.०१० इंच म्हणजे तेवढीच जाड असते. फट जास्त असेल तर ट्रस रॉड आवळायचा (घड्याळाच्या दिशेने), कमी असेल तर सैल करायचा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आवळताना तारा थोड्या ढिल्या करा, परत सुरात लावा, मोजा. आणि ॲलन की बरोबर मापाचीच हवी. मिलिमीटरच्या जागी इंचाची "बसतेय की" म्हणून घुसवली तर षटकोनाची वाट लागते आणि मग तो रॉड कोणाच्या बापाला फिरत नाही.

तारा उंच वाटतात म्हणून ट्रस रॉड आवळणे ही तर चुकांची महाराणी. ट्रस रॉड बाकासाठी, उंची सॅडलने (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याने). बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली २ मिमी आणि बारीक तारेखाली १.६ च्या आसपास ठेवून बघा, मग हाताला जसं आवडेल तसं. सॅडल पार खाली बसवूनही तारा उंचच राहिल्या तर सॅडल घासत बसू नका, नेक बॉडीला जिथे बसतो त्या खोबणीत पातळ शिम (पट्टीचा तुकडा) घालायची असते, बोल्टवाल्या नेकला ते सोपं आहे.

खरखर कुठे येते यावरून आजार कळतो. फक्त मोकळ्या तारेला खरखर असेल तर नटची खाच खोल गेलीय. पहिल्या चार पाच फ्रेटवर असेल तर नेक फार सरळ झालाय. एकाच ठिकाणी असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच आहे. आणि अँपमधून ऐकूच येत नसेल तर कृपा करून सोडून द्या, मी अशा खरखरीच्या मागे एक अख्खा रविवार घालवलाय.

नट हा स्वस्त गिटारचा सगळ्यात दुर्लक्षित भाग, कारण फॅक्टरीत खाचा मुद्दाम उंच ठेवतात, उंच ठेवलेली खाच नंतर खाली नेता येते, खोल गेलेली वर आणता येत नाही. ओपन कॉर्ड वाजवताना बोटं दुखतात आणि एफ बेसूर वाटतो, तर दोष बोटांचा नसून नटचा असू शकतो. तपासायचं कसं? तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा, पहिल्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये कागदाएवढी फट दिसली पाहिजे. जास्त असेल तर खाच थोडी थोडी खोल करा, पण हेडस्टॉककडे उतार ठेवून. जास्त खोल गेली तर बेकिंग सोडा टाकून वर सुपरग्लूचा थेंब, दगडासारखं घट्ट होतं, परत कोरा. कायमचा उपाय नाही तो, नवा नट येईपर्यंत चालतो.

इन्टोनेशनला बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर जुळवायचा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे न्या, उतरा असेल तर नेककडे. जुन्या गंजलेल्या तारांवर हे करू नका, जुळणारच नाही.

ट्रेमोलोवाल्यांची एक खास तक्रार असते, ९ च्या तारा काढून १० च्या लावल्या आणि ब्रिज पुढे झुकून वर आला. येणारच, ताण वाढला. मागचं झाकण काढून स्प्रिंगच्या पट्टीचे दोन स्क्रू आत घ्या किंवा एक स्प्रिंग वाढवा. ट्रेमोलो वापरतच नसाल तर इतकं आवळा की ब्रिज बॉडीला चिकटून बसेल, ट्यूनिंगचा निम्मा ताप तिथेच संपतो.

मॉडिफिकेशनचा किडा

आवाज पातळ वाटला म्हणून पिकअप बदलण्याआधी स्क्रूड्रायव्हर घेऊन पिकअपची उंची बदलून बघा, फुकट आहे. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअपमध्ये २ ते २.५ मिमी ठेवून सुरुवात करा. फार जवळ नेलं तर चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर थरथरतो, इन्टोनेशन काही केल्या लागत नाही. आणि लहान प्रॅक्टिस अँपच्या स्पीकरमधून नवे पिकअपही फारसे वेगळे वाजत नाहीत, हे ऐकायला कडू आहे पण आहे तसं.

तरी बदलायचेच असतील तर आधी मोजा. ब्रिजवर पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर बघा, ५२.५ मिमी आणि ५४ मिमी असे दोन प्रकार नेहमी भेटतात, ब्रिज मागवताना तर हे बघितलंच पाहिजे. चांगले पॉट (आवाज आणि टोनचे नॉब ज्यांवर बसतात ते) मोठे असतात, स्वस्त गिटारच्या भोकात बसत नाहीत, आणि जुने नॉब नव्या पॉटच्या दातांवर बसत नाहीत. पॉट सिंगल कॉइलला (एका गुंडाळीच्या पिकअपला) साधारण २५० के (किलोओम), हंबकरला (दोन गुंडाळ्यांच्या) ५०० के. उलटं केलंत तर काही जळत नाही, फक्त आवाज जास्त मंद किंवा जास्त टोकदार होतो.

सोल्डर करण्याआधी वायरिंगचा फोटो काढा. दोन काढा. पॉटच्या पाठीवर १५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने काही होत नाही, पाच मिनिटं टेकवून धरलं की पॉट आतून भाजतो, त्यापेक्षा ४० च्या वरचं घ्या आणि पटकन उरका. रोझिन कोअरचंच (आत राळ असलेलं) सोल्डर वापरा, नळकामाचं ॲसिड फ्लक्स नको, वायरी खातं ते.

गुणगुण येते म्हणून लोक अख्खी पोकळी तांब्याच्या पट्टीने मढवतात. त्याआधी हे बघा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर ग्राउंड ठीक आहे. काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजकडे जाणारी ग्राउंडची वायर तुटली असेल, आणि हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकवर (केबल लावतो तिथे) वायरी उलट्या झाल्यात का बघा. सिंगल कॉइलची जी मूळ मेन्सची ५० किंवा ६० हर्ट्झची घूं असते ती तांब्याने जात नाही, बाकीची चरचर कमी होते. आणि पट्टी ग्राउंडला जोडायला विसरू नका, जॅकच्या टोकाला ती चुकून टेकली तर गिटार एकदम मुकी होते.

तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र गिटार उघडत बसू नका. अँप बंद करा, प्लग काढा आणि अर्थिंग तपासून घ्या.