दुधीची फळं कोवळी असतानाच गळतायत?

कोथरूड-बाणेरला उंच मजल्यांवर ही तक्रार नेहमीची: वेलाला फुलं भरपूर, पण फुलामागचं बोटभर फळ पिवळं पडून गळतं. लगेच खत ओतू नका. बहुतेकदा परागकणच पोचलेले नसतात.

दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा परागकण हाताने पोचवायचं हे काम दिवेलागणीलाच करायचं.

१. लांब देठाचं, मागे फळ नसलेलं ताजं नर फूल तोडा. पाकळ्या काढा.
२. मधल्या दांड्यावरची पिवळी पूड (हेच परागकण) मागे फळ असलेल्या मादी फुलाच्या मधल्या चिकट भागावर सगळीकडून हलकेच फिरवा.

लाल भोपळ्याला हेच सकाळी, ऊन चढायच्या आत. टोमॅटो-मिरचीला एवढा खटाटोप नको, फुलांच्या देठाला टिचकी पुरते.

पावसात भिजलेलं नर फूल मात्र घेऊ नका, ती पूड निकामी होते.