बरेच महिने उभ्या असलेल्या गाडीतील जुने पेट्रोल कसे काढावे

गणपतीला पुण्या-मुंबईहून मुले घरी येतात, आठ दिवस गाडी सगळीकडे फिरते आणि विसर्जन झाले की ती पत्र्याच्या शेडमध्ये जी उभी राहते ती थेट पुढच्या वर्षीच्या गणपतीपर्यंत. खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या पश्चिमेकडील गावांत अशा गाड्या जागोजागी दिसतात. एखादी फौजेतून रजेवर येणाऱ्या मुलाची असते, तर एखादी आता गाडी चालवणे न झेपणाऱ्या वडिलांची. अशी गाडी पुन्हा चालू करायची वेळ आली की आपण बॅटरी पाहतो, टायरमध्ये हवा भरतो आणि लगेच चावी फिरवतो. टाकीतल्या पेट्रोलकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि नेमका तिथेच मोठा खर्च उभा राहतो.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. जांबोटीच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या मामांची गाडी चौदा महिने उभी होती. आम्ही नवी बॅटरी बसवली आणि पाच-सहा वेळा सेल्फ मारला. गाडी एकदा फुरफुरली आणि बंद पडली. नंतर टाकी उघडली तेव्हा पंपाच्या तोंडाची जाळी तपकिरी चिकटाने लिंपून गेलेली होती आणि पंप कायमचा गेला होता. चावी फिरवण्याआधी पेट्रोल बाहेर काढले असते तर तो पंप वाचला असता.

पेट्रोल खराब का होते

पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक आधी उडून जातात, आणि थंड इंजिन पेटायला नेमके तेच लागतात. उरलेल्या भागाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. तो जाळीवर, फिल्टरमध्ये आणि इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांत बसतो.

आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. आज पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्या जिल्ह्यातील उसाच्या मळीपासून आणि रसापासून ते बनते, त्यामुळे त्याच्याविषयी आपल्याला आपुलकी वाटणे साहजिक आहे. पण इथेनॉल पाणी शोषून घेते, हा त्याचा गुण उभ्या गाडीला बाधतो. झाकणाचे रबर चिरलेले असेल तर कणकुंबी-जांबोटी पट्ट्यातील पावसाळ्यात टाकीत पाणी शिरायला वेळ लागत नाही. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी थर धरून बसतात. पंप पेट्रोल तळातूनच ओढतो, म्हणजे इंजिनाला पहिला घोट त्या पाण्याचा मिळतो.

आधी नमुना पाहावा

स्वच्छ, कोरडी काचेची बाटली घेऊन त्यात टाकीतील पाव लिटर पेट्रोल काढावे आणि अर्धा तास सावलीत स्थिर ठेवावे. नमुना शक्यतो टाकीच्या तळातून यावा, कारण पाणी वर कधीच दिसत नाही. ताजे पेट्रोल पारदर्शक असते आणि त्याचा वास नाकात झणझणतो. जुन्या पेट्रोलचा रंग गडद होत जातो. मामांच्या गाडीतील नमुना पातळ केलेल्या काकवीसारखा दिसत होता आणि त्याला वॉर्निशसारखा आंबूस वास होता. बाटलीच्या तळाशी वेगळा थर, गढूळपणा किंवा गंजाचे कण दिसले तर पुढे विचार करण्यासारखे काही उरत नाही, सगळी टाकी रिकामी करावी.

गाडी तीन-चार महिनेच उभी असेल, नमुना स्वच्छ असेल आणि टाकी पाव भागापेक्षा कमी भरलेली असेल, तर वरून ताजे पेट्रोल भरून गाडी चालवली तरी चालते. सहा महिन्यांनंतर मी हा मार्ग सुचवणार नाही आणि वर्ष उलटले असेल तर मुळीच नाही. एक गोष्ट सीएनजीवाल्यांनी खास लक्षात घ्यावी: गाडी रोज धावत असली तरी ती गॅसवर धावते, त्यामुळे टाकीतले पेट्रोल वर्ष-दीड वर्ष तसेच पडून असू शकते.

जागा आणि सुरक्षितता

या भागावर मी मुद्दाम अधिक लिहीत आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते, खड्ड्यात आणि गटारात साचते आणि कितीतरी फुटांवरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. आपल्याकडे घराच्या मागील अंगणात न्हाणीसाठी पाणी तापवण्याची चूल किंवा बंब असतो, आणि गाडीही बहुधा त्याच बाजूला उभी असते. त्या दिवशी ती चूल पेटवू नये. सकाळी पेटवली असेल तर निखारे पूर्ण विझल्याची खात्री करून मगच टाकीचे झाकण उघडावे. तुळशीपुढची निरांजन आणि उदबत्तीदेखील यात धरावी.

गाडी ढकलून उघड्यावर, सपाट जागी आणावी, चाकांना दगड लावावेत आणि हँडब्रेक ओढावा. बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. विडी-सिगारेट, मोबाईल, ग्राइंडर, वेल्डिंग यांपैकी काहीही जवळपास नसावे आणि मुलांना दूर ठेवावे. कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताशी असावे, ते नसेल तर किमान वाळूच्या दोन बादल्या भरून ठेवाव्यात. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी कधीही ओतू नये, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगत जाऊन आग पसरवते. हातात पेट्रोलला टिकणारे रबरी मोजे आणि डोळ्यांना चष्मा असावा.

पेट्रोल साठवण्यासाठी धातूचा झाकणबंद जेरीकॅन किंवा इंधनासाठीच बनवलेला जाड कॅन घ्यावा. पाण्याच्या वीस लिटरच्या बाटल्या किंवा तेलाचे पातळ प्लॅस्टिकचे डबे वापरू नयेत. कॅन जमिनीवर ठेवूनच भरावा, गाडीच्या डिकीत ठेवून भरू नये. जमिनीवर ठेवल्याने त्यावर स्थिर वीज साचण्याची शक्यता कमी होते. कॅन काठोकाठ न भरता थोडी जागा मोकळी सोडावी. अल्टोसारख्या लहान गाडीच्या टाकीत मॉडेलप्रमाणे २७ ते ३५ लिटर मावते, म्हणून काट्यावरून अंदाज घेऊन कॅन आधीच पुरेसे गोळा करावेत.

पेट्रोल काढण्याचे मार्ग

पहिला आणि सर्वांत साधा मार्ग हातपंपाचा. रबरी गोळा दाबून चालणारा इंधनाचा हातपंप सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. त्याची नळी टाकीच्या तोंडातून हळूहळू आत सरकवावी, दुसरे टोक कॅनमध्ये खोल सोडावे आणि गोळा दाबत राहावा. कॅन टाकीपेक्षा खाली असेल तर एकदा धार लागल्यावर पेट्रोल आपोआप वाहू लागते. नळी तोंडाने ओढण्याची जुनी सवय कृपा करून सोडावी. पेट्रोलचा थेंब फुप्फुसात गेला तरी माणूस गंभीर आजारी पडतो. कोणी चुकून गिळलेच तर त्याला उलटी करायला लावू नये, सरळ दवाखान्यात न्यावे.

अनेक नव्या गाड्यांच्या टाकीच्या नळकांड्यात पडदा किंवा जाळी असते आणि नळी पुढे जात नाही. तिथे जोर करू नये, कारण पडदा तुटून टाकीत पडला तर नवे काम उभे राहते. अशा गाडीत बहुधा मागच्या सीटखाली पंपाचे झाकण असते. ते उघडून पंपाचा संच वर काढला की टाकीच्या तळापर्यंत पोहोचता येते आणि तळातला थर डोळ्यांनी पाहता येतो. मात्र इंजेक्शनच्या गाडीत इंधनाच्या नळीत दाब असतो आणि कधी कधी तो गाडी बंद असतानाही राहतो. तो दाब आधी सोडावा लागतो, म्हणून हे काम जाणत्या मेकॅनिककडून करून घेणे शहाणपणाचे आहे. काही मेकॅनिक गाडीचाच पंप चालवून पेट्रोल बाहेर काढतात. पेट्रोल किंचितच जुने असेल तर ते ठीक आहे, पण चिकट झालेले पेट्रोल पंपातूनच ओढणे म्हणजे जे टाळायचे तेच करणे होय.

जुन्या गाड्यांच्या पत्र्याच्या टाकीला काही वेळा खाली निचऱ्याचा बोल्ट असतो. तो असेल तर काम फार सोपे होते: खाली रुंद धातूचे घमेले ठेवावे, बोल्ट हळूहळू सैल करावा आणि शेवटचा गाळही निघू द्यावा. गंजलेला बोल्ट हातोडीने ठोकू नये. टाकीला खिळ्याने भोक पाडण्याचा विचारही करू नये.

टाकीला गंज चढलेला किंवा गळती असेल तर ती उतरवावी लागते. पेट्रोल काढले म्हणजे टाकी निर्धोक झाली, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो आणि तो जीवघेणा आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण असते. अशी टाकी उद्यमबागेतील किंवा गावातील कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात जशीच्या तशी नेऊन देऊ नये. ती आतून धुऊन वायुमुक्त करणारा कारागीर मिळत नसेल तर टाकी बदलणेच बरे.

टाकी रिकामी झाल्यावर

फिल्टर बदलावा, तो धुऊन पुन्हा लावण्यात काही बचत नाही. पंपाची जाळी पाहावी, रबरी नळ्या वाकवून त्यांना तडे आहेत का ते तपासावे. २०२३ पूर्वीच्या गाड्यांत ही तपासणी विशेष काळजीने करावी, कारण त्यांतील रबर २० टक्के इथेनॉलसाठी बनवलेले असेलच असे नाही. कार्बोरेटरची गाडी असेल तर त्याच्या वाटीतील जुने पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाकावे. एअर फिल्टरचा डबाही उघडून पाहावा. भाताच्या कोठाराजवळ उभ्या गाडीत उंदराचे घरटे हमखास सापडते आणि त्याच उंदराने वायरी कुरतडलेल्या असतात.

त्यानंतर आठ-दहा लिटर ताजे पेट्रोल भरावे. पेट्रोलचा वास हवेत उरलेला नाही याची खात्री झाल्यावर बॅटरी जोडावी. चावी सेल्फपर्यंत न नेता फक्त ऑन करावी, दोन-तीन सेकंद थांबून बंद करावी आणि असे चार वेळा करावे. त्यामुळे पंप नळ्यांत नवे पेट्रोल भरतो. याच वेळी एका माणसाने बॉनेटजवळ आणि एकाने टाकीखाली पाहून कुठे गळत नाही ना, हे तपासावे. मग सेल्फ मारावा, पण एका वेळी पाच सेकंदांहून अधिक नाही, आणि दोन प्रयत्नांत अर्धा मिनिट जाऊ द्यावा. सुरुवातीला इंजिन अडखळेल आणि थोडा धूर येईल. दहा मिनिटांनीही अडखळणे थांबले नाही तर प्लग आणि इंजेक्टर साफ करून घ्यावेत. हे सगळे उघड्यावर करावे. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवल्यास विषारी वायू साचतो. ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी रस्त्यावर काढण्याआधी ऑइल बदलावे.

काढलेल्या पेट्रोलचे काय करावे

ते गटारात, शेताच्या बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि या भागातील पावसाचे बरेच पाणी शेवटी तिच्याकडेच जाते. पालापाचोळा पेटवण्यासाठीही ते वापरू नये, त्यात माणसे भाजली आहेत. किंचित जुने पण स्वच्छ, बिनपाण्याचे पेट्रोल कापडातून गाळून नऊ भाग ताज्या पेट्रोलमध्ये एक भाग या प्रमाणात हळूहळू संपवता येते. काळवंडलेले किंवा पाणी मिसळलेले पेट्रोल झाकणबंद कॅनमध्ये ठेवून, टाकाऊ तेल अधिकृत व्यावसायिकाकडे देणाऱ्या मोठ्या गॅरेजला विचारून तिथे सोपवावे. ते जळक्या ऑइलमध्ये मिसळू नये. स्वयंपाकघरात किंवा माडीवर तो कॅन एक रात्रही ठेवू नये.

गाडी पुन्हा उभी राहणार असेल तर मुले परतण्याआधी टाकी जवळजवळ भरून ठेवावी, म्हणजे आत हवेला आणि दमटपणाला जागा कमी उरते. झाकणाचे रबर बदलावे. शक्य असेल तर कोणाला तरी सांगून पंधरा दिवसांतून एकदा गाडी खानापूरपर्यंत नेऊन आणावी. दारात उभी करून इंजिन दहा मिनिटे चालवण्याचा तितका उपयोग होत नाही. आणि शेवटचे पेट्रोल कोणत्या तारखेला, किती लिटर भरले हे एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी स्टिअरिंगला चिकटवून ठेवावी. मामांच्या गाडीत आता तशी चिठ्ठी असते.