मालिकेचा रंग नेमका कुठे बिघडतो? दृश्यरूप घडवताना या चुका टाळा

मालिकेचे दृश्यरूप ज्या कसोटीला उतरावे लागते, ती चित्रपटाच्या कसोटीपेक्षा वेगळी आहे. चित्रपट बहुधा एकाच दिग्दर्शकाच्या आणि एकाच छायालेखकाच्या देखरेखीखाली पूर्ण होतो आणि अंधाऱ्या सभागृहात पाहिला जातो. मालिकेचे चित्रीकरण मात्र महिनोन्‌महिने चालते, तिचे भाग वेगवेगळे दिग्दर्शक आणि पुष्कळदा वेगवेगळे छायालेखक हाताळतात, एकाच प्रसंगातील दोन शॉट कधी कधी आठवड्यांच्या अंतराने घेतले जातात आणि शेवटी ते सगळे उजेडाच्या खोलीतील टीव्हीवर किंवा हातातील मोबाइलवर पाहिले जाते. त्यामुळे एखादी देखणी चौकट मिळवण्यापेक्षा तेच रूप पुढच्या प्रत्येक भागात टिकवणे कठीण असते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुकांचे मूळ इथेच आहे: निर्णय एका शॉटपुरता घेतला जातो आणि तो संपूर्ण मालिकेला भोवतो.

रंगाचा निर्णय ग्रेडिंगवर सोडून देणे

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘रंगाचे नंतर बघू’ असे म्हणत चित्रीकरण सुरू करणे. चौकटीतील रंगाचा फार मोठा हिस्सा भिंती, पडदे, सामान, कपडे आणि रंगभूषा यांतून येतो. चित्रीकरणानंतर संगणकावर रंग सुधारण्याचे काम, म्हणजे ग्रेडिंग, करणारा कलरिस्ट त्यांतील छटा सरकवू शकतो, गडद-फिकट करू शकतो. पण पात्राचा शर्ट आणि मागची भिंत एकाच रंगाची असेल तर पात्राला पार्श्वभूमीपासून वेगळे काढण्यासाठी त्याला प्रत्येक शॉटमध्ये पात्राभोवती मुखवटा (मास्क) आखून त्याचा माग ठेवावा लागतो आणि मालिकेच्या वेळापत्रकात तेवढा वेळ कधीच नसतो.

‘ब्रेकिंग बॅड’ (२००८ ते २०१३) या अमेरिकी मालिकेत रंग वापरण्याच्या दोन्ही तऱ्हा शेजारीशेजारी दिसतात. मारी या पात्राचे कपडे आणि तिच्या घरातील वस्तू दीर्घकाळ जांभळ्या छटांत ठेवलेल्या आहेत; हे काम वेशभूषाकार आणि कलादिग्दर्शन विभागाचे आहे आणि त्यातून तिचा स्वभाव हळूहळू मनात ठसतो. त्याच मालिकेत मेक्सिकोतील दृश्यांवर पिवळसर छटा पसरलेली आहे. प्रसंग कुठे घडतो आहे हे ती तत्काळ सांगते, परंतु आकाश, माती आणि माणसांची कातडी या सर्वांना एकाच रंगात बुडवते, आणि एका संपूर्ण देशाला एक ठरीव रूप चिकटवण्याच्या या सवयीवर पुढे रास्त टीका झाली. माझ्या मते नवख्या चमूने पहिल्या तऱ्हेचाच अभ्यास करावा. वस्तूंमधून आलेला रंग कातडीला धक्का लावत नाही आणि पात्र बदलत जाईल तसा तो बदलता येतो.

यावर उपाय कंटाळवाणा वाटला तरी खात्रीचा आहे. पहिल्या दिवसापूर्वी छायालेखक, कलादिग्दर्शक, वेशभूषाकार आणि रंगभूषाकार यांनी एकत्र बसून मालिकेचे मोजके रंग आणि टाळायचे रंग ठरवावेत. त्यानंतर खरे कपडे, खरी रंगभूषा आणि भिंतीच्या खऱ्या रंगाचा फळा ज्या दिव्यांत चित्रीकरण होणार आहे त्याच दिव्यांत, त्याच कॅमेऱ्याने टिपून पाहावा. डोळ्याला सौम्य वाटणारा लाल कपडा कॅमेऱ्यात भडक होतो आणि बारीक रेघांचा शर्ट थरथरत्या नक्षीसारखा दिसू लागतो, हे दोष याच चाचणीत सापडतात.

तयार ‘लट’, म्हणजे रंगरूपांतराचा ठरलेला तक्ता, लावल्यावर चेहरे नारिंगी आणि सावल्या ठार काळ्या झाल्या, तर तक्ता वाईट आहे असे समजण्याआधी क्रम तपासावा. कॅमेऱ्याच्या लॉग चित्रणात, म्हणजे उजळ-गडद तपशील टिकावेत म्हणून विशिष्ट वक्राने नोंदलेल्या फिकट चित्रणात, मध्यम करडा रंग मुद्दाम विशिष्ट पातळीवर ठेवलेला असतो: सोनीच्या एस-लॉग ३ मध्ये तो ४१ टक्क्यांवर, तर एरीच्या लॉग-सी ३ मध्ये साधारण ३९ टक्क्यांवर येतो. एका वक्रासाठी बनवलेला तक्ता दुसऱ्या वक्राच्या किंवा आधीच रेक ७०९ या टीव्हीच्या प्रमाण रंगपद्धतीत आणलेल्या चित्रणावर लावला की हा बिघाड ठरलेलाच असतो. आधी कॅमेऱ्याला अनुरूप तांत्रिक रूपांतर आणि मगच मालिकेचा खास रंग, हा क्रम पाळावा. कॅमेरे दोन कंपन्यांचे असतील तर हा नियम दुप्पट महत्त्वाचा ठरतो.

वेगवेगळ्या दिव्यांची सरमिसळ

कॅमेरा वळवताच भिंतीचा रंग बदलतो, किंवा भडक साडी नेसलेली व्यक्ती चौकटीत येताच सगळ्यांचे चेहरे निळसर पडतात. असे झाले तर व्हाइट बॅलन्स (कोणता प्रकाश पांढरा धरायचा ही कॅमेऱ्याची सेटिंग) ‘ऑटो’वर राहिला आहे असे समजावे. तो हाताने, एका आकड्यावर ठेवावा आणि तो आकडा शॉटच्या नोंदीत लिहावा.

यापेक्षा अवघड प्रश्न मिश्र प्रकाशाचा आहे. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर. दिवसाचा प्रकाश सुमारे ५६०० केल्विनचा आणि टंगस्टन (तारेचा) दिवा ३२०० केल्विनचा धरला जातो. खिडकीजवळ बसलेल्या पात्राच्या बाजूला टंगस्टन दिवा असला तर चेहऱ्याचा अर्धा भाग निळा आणि अर्धा नारिंगी होतो. हा भेद मुद्दाम हवा असेल तर तो सुंदर दिसतो. नको असेल तर खिडकीवर नारिंगी किंवा दिव्यावर निळी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावून दोन्ही स्रोत जवळ आणावेत. ग्रेडिंगमध्ये एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

स्वस्त एलईडी आणि ट्यूबलाइट यांचा दोष केल्विनच्या आकड्यात दिसतच नाही. त्यांच्या प्रकाशात हिरव्या छटेचा अतिरेक असतो आणि गडद लाल भाग अपुरा असतो, त्यामुळे कातडी आजारी दिसते. दिवा विकत किंवा भाड्याने घेताना केवळ सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा नेहमीचा निर्देशांक) न पाहता टीएलसीआय हा निर्देशांकही पाहावा. युरोपीय प्रसारण संघटनेने तो मानवी डोळ्याऐवजी टीव्ही कॅमेऱ्याच्या दृष्टीने बनवला आहे. प्रकाशात जो रंग मुळात नाही तो नंतर आणता येत नाही. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा प्रकाश जवळजवळ सगळा ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे त्याखाली लाल, हिरवा आणि निळा कपडा एकाच पिवळ्या-करड्या रंगाचे दिसतात. दिवे लुकलुकत असतील तर शटर, म्हणजे प्रत्येक चौकट किती वेळ प्रकाश घेते ते, तपासावे: ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर सेकंदाला २५ चौकटी असताना १/५० हा वेग सुरक्षित असतो, आणि २४ चौकटी असताना १७२.८ अंशांचा शटरकोन तोच वेग देतो.

रात्र म्हणजे काळोख, असे समजणे

‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या आठव्या पर्वातील तिसरा भाग २८ एप्रिल २०१९ रोजी प्रसारित झाला आणि रात्रीच्या प्रदीर्घ युद्धात काहीच दिसत नाही, अशी तक्रार असंख्य प्रेक्षकांनी केली. छायालेखक फॅबियन वॅग्नर यांनी काळोख हेतुपुरस्सर होता असे सांगितले आणि घरोघरच्या टीव्हींची सेटिंग नीट नसते याकडेही लक्ष वेधले. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. मालिका करणाऱ्यांनी त्यातून घ्यायचा धडा एवढाच की, ग्रेडिंग कक्षात दिसणाऱ्या सावल्या प्रेक्षकापर्यंत पोहोचतीलच असे नाही.

याची कारणे दोन आहेत. इंटरनेटवरून किंवा प्रसारणातून जाणारे चित्र आकुंचित (कॉम्प्रेस) केलेले असते, आणि आकुंचनाची पद्धत सर्वांत आधी काळोख्या भागातील तपशील टाकून देते. म्हणून धुके, धूर आणि रात्रीचे आकाश यांत चौकोनी ठिगळे आणि पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे दिसू लागतात. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात, १० बिटमध्ये १०२४. काळोख्या प्रसंगात या पायऱ्यांतील मोजक्याच वापरात येतात, त्यामुळे ८ बिटचे चित्रण उजळायला गेले की पट्टे उघडे पडतात. दुसरे कारण खोलीतील उजेडाचे आहे. टीव्हीच्या काचेवर पडणारा प्रकाश सर्वांत गडद छटांना एकसारखे करडे करून टाकतो.

डोळ्याला काळोख जाणवतो तो तुलनेने. चौकटीत कुठेतरी एक लहानसा तेजस्वी बिंदू, म्हणजे पेटलेली खिडकी, कंदील किंवा ओल्या जमिनीवरची चकाकी असेल, तर उरलेला भाग बराच उजळ ठेवूनही रात्र पटते. असा बिंदू नसेल तर डोळा त्या करड्या चित्रालाच सरावतो आणि प्रेक्षकाला ते केवळ कमी प्रकाशात घेतलेले चित्र वाटते. म्हणून रात्रीचा प्रसंग घेताना पात्रांच्या मागून किंवा बाजूने कडेचा प्रकाश द्यावा, चेहऱ्याची एक बाजू वाचता येईल एवढी तरी उजळावी, सेन्सरला पुरेसा प्रकाश देऊन चित्रण करावे आणि गडदपणा ग्रेडिंगमध्ये आणावा. निळा रंग फासून रात्र होत नाही. सावल्यांची दिशा आणि उजेडाचे विरळपण यांनी ती होते.

प्रसंग आधीच कमी प्रकाशात घेऊन झाला असेल तर सगळी चौकट उजळण्याचा मोह टाळावा. तसे केल्यास सेन्सरचा गोंगाट (नॉइज, म्हणजे चित्रातील दाणेदार ठिपके) वर येतो आणि आकुंचनात तो चिकटल्यासारखा दिसतो. आधी गोंगाट हलक्या हाताने कमी करावा, चेहरा आणि कृती एवढेच उजळावे, पार्श्वभूमी तशीच राहू द्यावी आणि शेवटी फिल्मच्या दाण्यासारखा बारीक पोत मिसळावा, म्हणजे पट्टे बरेचसे झाकले जातात.

सपाट चेहरे आणि हरवलेली कातडी

१९५१ मध्ये ‘आय लव्ह लुसी’ या मालिकेसाठी छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांनी तीन कॅमेऱ्यांतून एकाच वेळी चित्रण करता यावे म्हणून सगळीकडे समान पसरणारा, वरून येणारा प्रकाश योजला. तिन्ही कोनांतून चित्र चालले पाहिजे, या अडचणीवर ते हुशार उत्तर होते. चूक तेव्हा होते जेव्हा एकच कॅमेरा असताना, वेळ असताना, केवळ सवयीने तोच सपाट उजेड ठेवला जातो. की लाइट, म्हणजे मुख्य दिवा, कॅमेऱ्याच्या शेजारी न ठेवता, पात्र ज्या दिशेला पाहते त्याच्या पलीकडे न्यावा, म्हणजे कॅमेऱ्याकडचा गाल सावलीत जातो. फिल लाइट, म्हणजे सावली उजळणारा दुय्यम दिवा, दोन स्टॉपने कमी, म्हणजे मुख्य दिव्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा, करावा आणि भिंतीला चेहऱ्याचाच प्रकाश पुरवू नये. एवढ्याने चेहऱ्याला घडण येते. गंभीर प्रसंगात फिल आणखी उतरवता येतो, परंतु मालिकेचे मूळ प्रमाण एकदा ठरवून लिहून ठेवावे.

कातडीबाबत या क्षेत्राचा इतिहास अभिमानाचा नाही. रंगीत फिल्मच्या प्रयोगशाळांत अनेक दशके ‘शर्ली कार्ड’ म्हणून ओळखली जाणारी गोऱ्या स्त्रियांची छायाचित्रे प्रमाण मानली जात आणि सावळ्या माणसांचे चेहरे तपशिलाविना गडद छपत. आजचे सेन्सर तितके मर्यादित नाहीत. तरी गोऱ्या आणि सावळ्या पात्रांना एकाच चौकटीत एकच प्रकाश दिला की तोच अन्याय पुन्हा होतो. सावळ्या कातडीवर मोठ्या, मऊ स्रोताचे प्रतिबिंब पडू द्यावे, कारण तिची घडण अशा चकाकीतून उमटते. व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंगछटा आणि गाढपणा दाखवणाऱ्या आलेखावर, वेगवेगळ्या वर्णांची कातडी साधारण एकाच रेषेजवळ पडते, कारण वर्णभेद मुख्यतः उजळपणात आणि रंगाच्या गाढपणात असतो. चेहरे त्या रेषेपासून दूर गेले असतील आणि कथेत त्याला कारण नसेल, तर आधी ते दुरुस्त करावे.

शॉट एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा

बहुतेक जण आधी रंग जुळवायला बसतात आणि तासन्‌तास घालवतात. क्रम असा ठेवावा: प्रथम वेव्हफॉर्मवर (उजळपणा दाखवणाऱ्या आलेखावर) काळ्या आणि उजळ टोकांची पातळी, मग मधला उजळपणा, त्यानंतर रंगसंतुलन आणि शेवटी गाढपणा. उजळपणा जुळला की रंगातील पुष्कळसा भेद आपोआप नाहीसा होतो. प्रत्येक ठिकाणचा एक मंजूर स्थिरशॉट संग्रहात ठेवावा आणि नवा भाग सुरू करताना कालच्या भागाशी तुलना न करता त्या मूळ शॉटशीच करावी. नाहीतर थोडा थोडा फरक साचत जाऊन दहाव्या भागातील स्वयंपाकघर पहिल्या भागातलेच आहे हे ओळखू येत नाही.

मॉनिटर मोजणीयंत्राने नीट केलेला असावा: रेक ७०९, डी६५ (दिवसाच्या प्रकाशाचा प्रमाण) पांढरा, २.४ गॅमा (मधल्या छटांचा वक्र), १०० निट्स (उजळपणाचे एकक). मागची भिंत करडी आणि तिच्यावरचा मंद प्रकाशही डी६५चाच असावा, कारण रंगीत भिंतीसमोर बसलेला डोळा नकळत विरुद्ध रंगाकडे झुकतो. दर तासाला उठून बाहेर पाहावे.

पूर्ण झालेला भाग साध्या टीव्हीवर, दिवसाउजेडी आणि स्वस्त मोबाइलवर अवश्य पाहावा. टीव्हीवर हालचाल नितळ करणारी सोय चालू असेल तर सगळे नाट्य थेट प्रक्षेपणासारखे दिसते, म्हणून चाचणी करताना ती बंद ठेवून एकदा आणि चालू ठेवून एकदा पाहावे. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या ‘फिल्ममेकर मोड’मध्ये ती आपोआप बंद होते. एचडीआर (उजळ-गडदाचा अधिक विस्तार दाखवणारी) प्रत तयार करत असाल तर तिच्या पीक्यू या नोंदणीपद्धतीत उजळपणाची मूल्ये निरपेक्ष असतात, हे ध्यानात ठेवावे: उजेडाच्या खोलीत ती स्वतःहून वर सरकत नाहीत. त्या प्रतीवरून एसडीआर (साध्या टीव्हीसाठीची) प्रत यंत्रावर सोपवून न काढता, निदान रात्रीचे प्रसंग, खिडक्या आणि चेहऱ्यांचे जवळचे शॉट कलरिस्टने स्वतः पाहून दुरुस्त करावेत.