पोर्तुगीज शब्दाचं मूळ कसं शोधायचं: चावीपासून सुरुवात

आपली चावी पोर्तुगीजमधून आली हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण ती पोर्तुगीजमध्ये कुठून आली हे शोधायला बसलात ना की भारी मजा येते, आणि हीच पद्धत इतर शब्दांनाही लागते म्हणून तोच शब्द घेऊ.

पोर्तुगीज स्पेलिंग सी-एच-ए-व्ही-ई. आज पोर्तुगालमध्ये उच्चार साधारण 'शाव', पण पूर्वी ह्या सी-एचचा उच्चार 'च' व्हायचा, आपल्या चावीत तोच जुना च टिकलाय! म्हणून आजच्या उच्चारावर जाऊ नका, जुनं रूप बघा. उआइसच्या मोठ्या पोर्तुगीज डिक्शनरीत (२००१) शब्द लिखाणात पहिल्यांदा कधी सापडतो ते दिलेलं असतं.

मग बहिणी भाषा बघा. स्पॅनिश यावे, इटालियन क्यावे, फ्रेंच क्ले. सगळ्या लॅटिन क्लाविसकडे जातात. पण पोर्तुगीज नामं बहुतेक लॅटिनच्या द्वितीया विभक्तीच्या रूपातून आलीत, म्हणून क्लाविस नाही, क्लावेम धरायचं.

आता खरी परीक्षा. सुरुवातीचे क्ल, प्ल, फ्ल तिथे च झाले (आता श), मग प्लुविआचं शूवा म्हणजे पाऊस, फ्लामाचं शामा म्हणजे ज्वाला. तसंच दोन स्वरांमधला न आणि ल गळतो, लूनाचं लूआ, कोलोरेमचं कोर (रंग). हा बदल दिसला नाही तर शब्द बहुधा नंतर पुस्तकी लॅटिनमधून उचललेला असतो. 'भरलेला' ह्या अर्थाचे शेयु आणि प्लेनु दोन्ही प्लेनुसचेच, एक लोकांच्या तोंडून आला, दुसरा पुस्तकातून.

शब्द अ किंवा अलने सुरू होत असेल तर अरबी पण तपासा, कारण ७११ पासून तिथे अरबी राजवट आली आणि अरबीतलं 'अल' शब्दाला चिकटूनच आलं. असूकार म्हणजे साखर, मागे अरबी अस-सुक्कर (इथे 'अल'चं 'अस' झालंय), त्यामागे फारसी शकर, आणि त्यामागे आपली शर्करा! पण आमीगु (मित्र) मात्र लॅटिन आमिकुस, म्हणजे नुसत्या अ वरून ठरवू नका.

आणि सारखं वाटतं म्हणून जोडू नका. ओब्रिगादु आणि जपानी आरिगातो दोन्ही धन्यवादच, पण पोर्तुगीज जपानला पोचले १५४३ मध्ये आणि जपानी शब्द त्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे, ओब्रिगादु आहे लॅटिन ओब्लिगारेमधला. तारखा जुळतायत का ते आधी बघा.